परवान्यावर भांडता, खिशाचं काय?

महाराष्ट्रातली एक चर्चा गेले कित्येक महिने डोक्यात जाते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्र्यात बाबा सिद्दीकींवर गोळ्या झाडल्या गेल्या, डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, आणि मग बीड जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती, ते कुणाच्या शिफारशीने मिळाले, हवेत बार काढणारे हे वीर कोण, असं एकेक बाहेर यायला लागलं. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर प्रत्येक ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते, सज्जन माणसाच्या खिशात पिस्तूल असतं तर गुंडांची हिंमत झाली नसती, अमेरिकेत बघा. दुसरी म्हणते, पिस्तुलं वाटलीत तर रोज मुडदे पडतील, अमेरिकेत बघा.

माझ्यासारख्या टेक्सासमध्ये राहणाऱ्याला हे दोन्ही ‘बघा’ सारखेच झोंबतात, कारण बघितलेलं दोघांपैकी कुणीच नसतं. (मस्साजोगची हत्या पिस्तुलाने झाली नव्हती, हेही या गदारोळात कुणाच्या लक्षात राहिलं नाही.) सगळी हाणामारी परवान्यावरून. परवाना कुणाला द्यावा, कुणाचा काढून घ्यावा, आमदाराची चिठ्ठी चालते की नाही. परवाना मिळाला की पुढे ते हत्यार सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावर कुठे आणि कसं राहणार, याबद्दल अवाक्षर नाही. ‘खिशात पिस्तूल’ हे शब्द लोक इतक्या सहज बोलतात, जणू खिशाला पेन लावायचं आहे.

तर आधी खिशाच्या बाजूने जे बोलायचं ते बोलून घेतो, म्हणजे मी विरोधकांच्या पार्टीतला आहे असं कुणाला वाटायला नको.

ह्यूस्टनच्या जुलैत अंगावर अर्धी चड्डी आणि टी-शर्ट याशिवाय काही सहन होत नाही. कमरेच्या होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर, सैल शर्ट लागतो, कडक पट्टा लागतो, वाकलं की मागून पिस्तुलाची मूठ दिसते, आणि गळाभेटीत समोरच्याच्या हाताला नेमकी तीच लागते. खिशातलं यातून सुटतं. पुढच्या उजव्या खिशातला तो फुगवटा पाकिटाचा की फोनचा, कुणी विचारत नाही. दुसरा फायदा मोठा आहे आणि पार्किंग लॉटमध्ये तोच कामाला येतो: खिशात हात घालून चालणारा माणूस संशयास्पद दिसत नाही. मूठ आधीच हातात असते, बाहेर काहीच दिसत नाही, आणि धोका खोटा निघाला तर हात तसाच रिकामा बाहेर काढता येतो. कमरेच्या पिस्तुलावर असा हात ठेवून उभं राहिलात तर तुम्हीच समोरच्याला धमकावलंत असा त्याचा अर्थ होतो. तिसरी गोष्ट, छोटं असतं म्हणून लोक ते खरोखर जवळ बाळगतात. मोठी पिस्तुलं पंधरा दिवसांत गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये जाऊन पडतात आणि तिथून चोरीला जातात.

फायद्यांची यादी इथे संपते. खिसा वापरण्याच्या अटी मात्र संपत नाहीत, आणि महाराष्ट्रातल्या चर्चेत त्यांतली एकही नसते.

पहिली अट: त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, रुमाल नाही, चघळायच्या गोळ्यांचं पाकीट नाही. ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कडीच्या, आत एक किल्ली अडकली आणि तुम्ही खुर्चीत बसलात, की चाप ओढायचं काम मांडी आणि कापड मिळून करतात. नळीचं तोंड त्या वेळी मांडीच्या आतल्या बाजूला असतं, आणि तिथून जाणारी रक्तवाहिनी फुटली तर हातात मिनिटं मोजकीच उरतात. म्हणून दुसरी अट, खिशाचा होल्स्टर. नुसतं पिस्तूल खिशात टाकणारे इथेही ढिगाने आहेत आणि आणीबाणीच्या वॉर्डात पोचणारे त्यांच्यातलेही असतात. होल्स्टरला तीन कामं असतात. चाप पूर्ण झाकायचा, इतका की बाहेरून बोटाने दाबला तरी आत हलता कामा नये. पिस्तूल सरळ उभं ठेवायचं. नाहीतर चालता चालता ते उलटं फिरतं आणि ऐनवेळी हाताला मुठीऐवजी नळी लागते. आणि उपसताना स्वतः खिशात राहायचं. स्वस्तातले, गुळगुळीत कापडाचे होल्स्टर पिस्तुलासकट बाहेर येतात. मग भरलेलं पिस्तूल हातात, त्याच्यावर कापडी टोपी, आणि समोर चाकू घेतलेला माणूस. चांगल्या होल्स्टरला म्हणून बाहेरून चिकट रबरासारखा पोत असतो किंवा खिशाच्या कडेला अडणारा आकडा असतो.

खिसासुद्धा मापाचा लागतो. जीन्सचा आडवा, घट्ट खिसा बाद. ज्यात आख्खा हात मोकळेपणी जातो आणि मुठीचा शेंडा काठाच्या दोन बोटं खाली राहतो, तो चालतो. तरी एक गंमत आहे. खिशात रिकामा हात सहज जातो, पण मुठीवर बोटं आवळली की तोच हात बाहेर येत नाही, मनगटाशी अडकतो. म्हणून अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, तो पिस्तुलाच्या पाठीवर, घोड्याच्या (मागून आपटून गोळी उडवणाऱ्या खटक्याच्या) जागी ठेवायचा. हात अरुंद होतो आणि कापडात अडकणारा भागही झाकला जातो. पकड पूर्ण करायची ती पिस्तूल बाहेर आल्यावर. आणि बोट चापावर नाहीच, ते चौकटीवर सरळ. कागदावर हे सोपं वाटतं. रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, शंभरदा केल्याशिवाय हाताला बसत नाही.

बसल्या जागी तर विचारूच नका. गाडीत सीटबेल्ट लावलेला आहे, मांडी वर आहे, खिशाचं तोंड दुमडलेलं आहे. उजव्या खिशातलं पिस्तूल ड्रायव्हरला पाय ताणून, कंबर उचलून काढावं लागतं, आणि त्या धडपडीत नळी कुठे कुठे फिरते ते बघितलं की अंगावर काटा येतो. उजवा हात धरला गेला, जखमी झाला, किंवा त्या हातावर मूल असलं, तर डाव्या हाताला ते मिळत नाही. जमिनीवर पाडलं गेल्यावरही नाही. अमेरिकन पोलिसांच्या प्रशिक्षणात १९८३ पासून सांगितला जाणारा हिशेब असा, की चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. खिशात हात आधीच असला तर दीड सेकंदात काहीतरी होतं. नसला, तर त्या वेळात हात फक्त खिशापर्यंत पोचतो.

परत ठेवतानाही लोक गोंधळ करतात. घाबरलेल्या हाताने भरलेलं पिस्तूल थेट खिशात सरकवायचं नसतं. होल्स्टर बाहेर काढा, पिस्तूल त्यात बसवा, मग दोन्ही मिळून खिशात. आणि ते हातातून निसटलं, तर झेलायचं नाही. पडू द्यायचं. हवेत पकडायला गेलेलं बोट हमखास चापावर जातं, आणि आजची बरीच पिस्तुलं नुसती पडली म्हणून उडत नाहीत. ‘बरीच’ म्हटलं, ‘सगळी’ नाही. रुगरचं एलसीपी हे खिशासाठीच बनवलेलं पाव किलोच्या आसपासचं पिस्तूल २००८ मध्ये आलं आणि त्याच वर्षी कंपनीला सुरुवातीचा माल परत बोलवावा लागला. कारण हेच, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, गोळी असताना पडलं तर उडू शकत होतं.

अशा चिमुकल्या पिस्तुलांची आणखी एक खोड आहे. वजन कमी म्हणून झटका जोरात. दुकानात हातात घेतल्यावर लाडिक वाटणारं पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर दहाव्या गोळीला तळहात सोलून काढतं, मग मालक सराव टाळतो, आणि ज्याला सर्वात जास्त सराव लागतो तेच हत्यार सर्वात कमी झाडलं जातं. नळी दोन-पावणेतीन इंच, नेम धरायचे उंचवटे नावापुरते, गोळ्या पाच नाहीतर सहा. त्यात खिशातला कचरा. कापडाची लव, धूळ, घाम. आठवड्याला होल्स्टर उलटा करून झटकायचा, नळीत उजेड दिसतो का ते पिस्तूल रिकामं करून बघायचं, दर पंधरा दिवसांनी पुसून तेलाचा हलका हात. टेक्सासच्या घामात काळा मुलामा महिन्याभरात तांबूस होतो. कोकणात काय होईल ते सांगायला नको.

जाणती माणसं म्हणून खिशासाठी बिनघोड्याचं, म्हणजे घोडा आत झाकलेलं, पाच गोळ्यांचं, .३८ मापाच्या गोळीचं रिव्हॉल्व्हर पसंत करतात. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. चाप ओढायला पाचेक किलोचा जोर लागतो, म्हणजे सहजासहजी दबत नाही. कापडात अडकायला वर काही नसतं. वेळच आली तर कोटाच्या खिशातूनच झाडता येतं, कारण पिस्तुलासारखा मागेपुढे धावणारा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, नाही. पिस्तूल असं झाडलं तर एका गोळीनंतर स्लाइड कापडात अडकते आणि हातात नुसतं लोखंड उरतं. कोटाच्या खिशाची एक वेगळीच अडचण आहे: कोट काढून खुर्चीला लावला की पिस्तूल खुर्चीचं झालं.

आता हे सगळं आपल्याकडे लावून बघा. साध्या परवान्यावर मिळतं ते जास्त करून .३२. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं. पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात, आणि दागिन्याच्या पेटीसारखी पेटी. पर्समध्ये मावेल अशी जाहिरात झाली, बातम्याही तशाच आल्या. पर्समध्ये ठेवायचं कसं? किल्ल्या, लिपस्टिक, चार्जरच्या वायरी यांच्यात मोकळं? पर्स हिसकावली तर? परवडतं कुणाला यावर अग्रलेख झाले, चाप कशाने झाकायचा यावर मला एक ओळ सापडली नाही. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरला पाठीवर घोडा उघडा असतो. खिशाच्या अस्तरात तो पहिल्याच झटक्यात अडकतो. हत्यार वाईट नाही, ते खिशाचं नाही.

१ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाला पहाटे स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. हातातून निसटून ते उडाल्याचं सांगण्यात आलं. महाराष्ट्राने त्यावर दोन दिवस विनोद केले आणि विषय संपला. खरं तर गेल्या काही वर्षांतला तोच एक प्रसंग होता ज्यावर ही चर्चा उभी राहायला हवी होती. गुंड नाही, गँग नाही, राजकारण नाही. परवाना नियमात, माणूस प्रसिद्ध, आणि तरी गोळी मालकाच्या पायात. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरात घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवायची पद्धत जगभर आहे, ती अशाच पडण्यासाठी.

आणि गंमत म्हणजे कायदा आपला इथल्यापेक्षा शहाणा आहे. हे मी कौतुकाने म्हणतोय, टोमणा नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते त्याच्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. परवान्याआधी सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मागितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला. टेक्सासमध्ये काय आहे? सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याचीच गरज नाही. उघड लटकवायचं असेल तर होल्स्टर हवा. लपवून न्यायचं असेल तर होल्स्टरची अटसुद्धा नाही. मोकळं खिशात टाका, कायद्याची ना नाही. एलटीसी, म्हणजे राज्याचा पिस्तूल बाळगायचा परवाना, काढायचा म्हटला तर एक वर्ग, लेखी परीक्षा आणि तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण. तेवढंही आता ऐच्छिक. दुकानांच्या आणि बारच्या दारावरचे, पिस्तूल आत आणू नका म्हणणारे बोर्ड वाचता आले की झालं.

तेव्हा ‘अमेरिकेत बघा’ म्हणणाऱ्या पहिल्या पार्टीला माझा प्रश्न: तुमच्याकडे होल्स्टरचा नियम आहे, तो किती परवानेधारकांनी वाचला आहे? वाढदिवसाच्या व्हिडिओत कंबरेला खोचलेलं, बिनहोल्स्टरचं पिस्तूल दिसतं, ते पूर्ण झाकलेलं आहे का? आणि काडतुसांचा वर्षाचा कोटा जिथे परवान्यावर लिहून येतो, तिथे या माणसाने सराव केला कुठे आणि कशाने?

हल्ल्याच्या बाबतीत थोडक्यात. सिद्दीकींसोबत पोलीस शिपाई होता. पाळत ठेवून, ठरवून आलेल्या मारेकऱ्यांसमोर खिशातलं पिस्तूल खिशातच राहतं. ते उपयोगी पडलंच तर भुरट्या लुटारूसमोर पडतं, आणि तिथे पाकीट देऊन टाकणं जवळजवळ नेहमीच स्वस्त असतं. उलट बाजूला, फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात आमदाराने गोळ्या झाडल्या, त्या गुंडाच्या नव्हत्या, रागाच्या होत्या. जमिनीच्या वादात, भावकीत, बांधावरच्या भांडणात हात खिशाकडे जाणार नाही याची हमी कुठल्या परवान्यात असते?

दुसऱ्या पार्टीनेही फार खूश होऊ नये. अमेरिकेत रोज मुडदे पडतात म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर शाळा आणि मॉल असतात. २०२३ मध्ये इथे बंदुकीने गेलेल्या सुमारे ४६,७०० जणांपैकी २७,३०० च्या आसपास माणसं स्वतःच्या हाताने गेली. निम्म्याहून जास्त. खिशातल्या पिस्तुलाचा सर्वात मोठा धोका त्या खिशाच्या मालकाला असतो, नंतर त्याच्या घराला. आणि हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर येतं ते आपल्याकडचं दार आणि दारामागची खुंटी. रात्री पँट काढली की ती खुंटीला. इथे निदान पलंगाशेजारी बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी ठेवायची पद्धत आहे, आणि तरी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या बातम्या थांबत नाहीत. एकत्र कुटुंबात, जिथे बापाच्या खिशातून सुटे पैसे काढायची मुलांना मुभाच असते, तिथे खिशात पिस्तूल ही कल्पनाच कुणी शेवटपर्यंत विचार करून मांडलेली नाही.

म्हणाल, तिकडे स्वतः बाळगायचं आणि इकडे आम्हाला शहाणपण शिकवायचं. शिकवतो. पण आमची बाजूही तितकी टापटीप नाही, तीही ऐका.

एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला इथे पिस्तूल बाळगता येत नाही. केंद्राच्या कायद्याने तो गुन्हा आहे, रेंजवर भाड्याने हातात घेतलं तरी. पळवाट एक: शिकारीचं लायसन. म्हणून आयुष्यात ससाही न मारलेली मराठी मुलं टेक्सासच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं लायसन काढून रेंजवर जातात. हक्क खऱ्या अर्थाने येतो तो ग्रीन कार्डाने. त्यामुळे कार्ड आलं की घर, आणि घरापाठोपाठ पिस्तूल, असा क्रम आमच्यात सर्रास दिसतो. सगळे भीतीने घेत नाहीत. बरेच जण घेतात कारण शेजाऱ्याकडे आहे, कारण रेंजवर त्याच्या शेजारी उभं राहून बोलायला विषय मिळतो, कारण ते असलं की आपण पाहुणे नाही असं वाटतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत याबद्दल कुणी बोलत नाही, पार्किंगमध्ये मात्र कुजबुजत चौकशी होते: कुठला होल्स्टर, कुठला खिसा.

आणि इथेच आमचं पितळ उघडं पडतं. टेक्सासमध्ये कंबरेला उघड लटकवणं कायदेशीर आहे. गॅस स्टेशनवर गोरे आजोबा तसे येतात, कॉफी घेतात, जातात. आमच्यातला एकही तसा जात नाही. सावळा चेहरा, दाढी, उच्चार आणि कंबरेला पिस्तूल, या बेरजेचं उत्तर समोरचा काय काढेल याची खात्री आम्हाला पंचवीस वर्षांनीही नाही. पोलिसाने गाडी थांबवली तर आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, लायसन आणि एलटीसी कुठे आहे ते आधी सांगायचं, आणि काही झालं तरी खिशाकडे हात न्यायचा नाही, हे आम्ही मुलांनाही पढवतो. संविधानाने दिलेला हक्क आम्ही खिशात ठेवतो तो उन्हाळ्यामुळे, असं सांगायचं असतं.